'विक्रांत'चा टेलिग्राफ 65 हजारांना घ्यावा का? (आणि घरच्या गणपतीच्या पाटाबद्दल पण विचारायचंय)

मंदार_नौपाडा

नमस्कार मंडळी, इथे जहाजांच्या वस्तू जमवणारे आणि नेव्हीतले बरेच लोक आहेत म्हणून विचारतोय, जरा लांब आहे पण वाचा प्लीज.

मी दोन वर्षांपासून युद्धनौकांच्या वस्तू जमवतोय. शाळेत असताना नेव्ही वीकला आमची सहल विक्रांतवर गेली होती, तेव्हा ती म्युझियम होती, आणि त्या फ्लाइट डेकवर उभं राहून जे वाटलं ते अजून तसंच आहे मनात. 2014 मध्ये ती दारूखान्यात (मुंबईत रे रोडजवळ बोटी कापतात ती जागा) कापायला नेली तेव्हा मी रे रोड स्टेशनच्या पुलावरून नुसता बघत उभा होतो, काही घेता येईल एवढे पैसेही नव्हते आणि कुणाला विचारायचं तेही माहीत नव्हतं. आता नोकरी बरी आहे म्हणून सुरुवात केली. आत्तापर्यंत चार क्रेस्ट (जहाजाच्या मानचिन्हाच्या ढाली), एक कॅप टॅली (खलाशाच्या टोपीवरची जहाजाच्या नावाची रिबन) आणि एक पितळी पोर्टहोल (जहाजाची गोल खिडकी) एवढंच आहे.

तर गेल्या शनिवारी तळोज्याच्या बाजूला एका भंगार व्यापाऱ्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे इंजिन रूम टेलिग्राफ आहे (वरून इंजिन रूमला वेगाचा हुकूम द्यायचं यंत्र), कमरेएवढ्या उंचीचा, पितळी, दोन्ही बाजूला डायल, दांडा फिरतो, आतली घंटापण वाजते. खालच्या पट्टीवर कोरलंय 'एचएमएस हर्क्युलिस 1943 – आयएनएस विक्रांत'. तो 65 हजार म्हणतोय, म्हणे अजून दोन पार्ट्या आहेत, रविवारपर्यंत सांगा. कागद काही नाही, विचारलं तर म्हणाला विक्रांतचं कटिंग झालं तेव्हा त्याच्या मेव्हण्याने घेतलेला माल आहे. त्याच्याबरोबर एक होकायंत्राचा डबा (अंधारात चमकणारे आकडे, आता चमकत नाहीत) आणि बोफर्स तोफेचं एक काडतूस असं दोन्ही मिळून 12 हजारांत देतोय.

फोटो टाकलेत. अस्सल आहे का हे कसं ओळखायचं?

आणि दुसरं म्हणजे, आमच्या घरी गणपती बसवायचा जो पाट आहे तो आजोबा नेहमी म्हणायचे की लढाईच्या बोटीच्या लाकडाचा आहे, 'दिल्ली बोटीचा'. आजोबा सुतार होते आणि काही वर्षं दारूखान्यात बोटींच्या कटाईवर होते. ते 2003 ला गेले. लहानपणापासून तो पाट बघतोय त्यामुळे कधी विचार केला नाही, पण आता वाटतंय विचारावं, त्याला काही महत्त्व आहे का? शेवटचे दोन फोटो त्याचे आहेत.

---

ऐरोली_संग्राहक

मंदार, आधी एक श्वास घे आणि रविवारची मुदत विसरून जा. अजून दोन पार्ट्या सगळ्यांकडेच असतात.

मी वीस-बावीस वर्षं हे करतोय. इंजिन रूम टेलिग्राफ ही सगळ्यात जास्त नकली बनणारी वस्तू आहे आपल्याकडे. मुरादाबाद, अलीगढ, रुरकी इथे असल्या वस्तू शोभेच्या म्हणून उघडपणे बनतात, परदेशातही जातात, बनवणारे लोक काही फसवत नाहीत, ते शोभेची वस्तू म्हणूनच विकतात. मध्ये कुणीतरी त्यावर जहाजाचं नाव कोरतो आणि किंमत दहापट होते.

आता तुझ्या पट्टीवरची अक्षरं बघ. तिथेच मला शंका आली. विक्रांतची बांधणी 1943 मध्ये इंग्लंडमध्ये टाईन नदीवर सुरू झाली, बरोबर, हर्क्युलिस हे नावही बरोबर. पण जहाज पाण्यात उतरलं 22 सप्टेंबर 1945 ला, तोपर्यंत महायुद्ध संपलं होतं. मग काम अर्धवट थांबलं आणि ते तसंच पडून राहिलं. भारताने 1957 मध्ये घेतलं, बेलफास्टला पूर्ण झालं आणि 4 मार्च 1961 ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते कमिशन झालं (म्हणजे नौदलात दाखल झालं) ते थेट विक्रांत म्हणूनच. म्हणजे हर्क्युलिस या नावाने ते ब्रिटिश नौदलात एक दिवसही कमिशन नव्हतं. मग टेलिग्राफवर '1943' आणि दोन्ही नावं एका ओळीत, एकाच अक्षरवळणात, कोण कोरेल? 1943 मध्ये विक्रांत हे नाव कुणाला माहीत होतं? ही पट्टी जहाज कापल्यानंतर, इंटरनेट वाचून केलेली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टी खोटी म्हणजे टेलिग्राफ खोटा असं लगेच होत नाही हेही सांगतो, खऱ्या वस्तूवर लोभापायी खोटी पट्टी मारलेली मी दोनदा बघितलीये.

काडतुसाला हात लावू नकोस. खालच्या बाजूला मध्यभागी जी गोल टोपी असते तिच्यावर आपटल्याचा खड्डा आहे का ते फोटोत दिसत नाही. खड्डा नसेल किंवा वर टोक बसवलेलं असेल तर ते जिवंत असू शकतं. गाडीत घालून घरी आणायची वस्तू नाही ती. रिकामं असलं तरी दारूगोळ्याचं प्रकरण आर्म्स अ‍ॅक्टमध्ये येऊ शकतं, आधी पोलिस स्टेशनला विचार. मी स्वतः बंदूक-तोफ-दारूगोळा या भानगडीत पडतच नाही, आपल्याला जहाज आवडतं ना, मग जहाजाचं घ्यावं.

पाटाचं मला लाकडातलं कळत नाही, पण फोटो बघून छाती धडधडली एवढं सांगतो. नेरुळच्या काकांना बोलवा कुणीतरी.

---

रबाळे_टूलरूम

मंदार भाऊ, माझं रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, जहाजातलं फार कळत नाही पण लोखंड-पितळ कळतं. तुमच्या चौथ्या फोटोत डायलच्या कडेला जे स्क्रू दिसतायत ते चौफुलीचे आहेत, म्हणजे फिलिप्स. त्या काळच्या ब्रिटिश जहाजावर एका रेघेचा स्लॉट स्क्रू असायचा. पण नुसत्या स्क्रूवर जाऊ नका, विक्रांत 1997 पर्यंत नेव्हीत होती, मध्ये कुणी डॉकयार्डात दुरुस्ती करून नवीन स्क्रू टाकले असतील तर? म्हणून स्क्रू काढून भोकातले आटे बघायचे. बॉडीतले आटे कोणी सहसा बदलत नाही. जुनं ब्रिटिश काम व्हिटवर्थ आट्यांचं, त्याचा कोन 55 अंश, आणि मेट्रिकचा 60. थ्रेड गेज लावला की दोन मिनिटांत कळतं. मेट्रिक निघालं तर समजा अलीकडचं बनलेलंय. व्हिटवर्थ निघालं तरी उड्या मारू नका, आपल्याकडे अजून कित्येक जण व्हिटवर्थचे टॅप वापरतात. म्हणजे ही चाचणी 'नाही' पक्कं सांगते, 'हो' सांगत नाही.

दुसरं वजन. जहाजावरचं बरंचसं ओतकाम गनमेटलचं असतं, 88 टक्के तांबं, 10 कथील, 2 जस्त, खाऱ्या हवेत टिकावं म्हणून. ते लालसर दिसतं आणि हातात घेतलं की जड लागतं. शोभेचा माल पिवळ्या पितळेचा, पातळ पत्रा फिरवून केलेला असतो, टिचकी मारली की डब्यासारखा आवाज येतो. कडेला जिथे लोकांचा हात लागून लागून घासलं जातं तिथे खरी झीज असते, नकली मालावर झीज सगळीकडे सारखी असते कारण ती अ‍ॅसिडने केलेली असते.

व्यापारी तयार असेल तर मी येतो बघायला, तळोजा काही लांब नाही. गेज खिशात घेऊन येतो. पैसे वगैरे काही नको.

---

वाशी_सेक्टर9

होकायंत्राबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय, माझी नोकरी किरणोत्सर्गाच्या सुरक्षेशी संबंधित होती, आता निवृत्त आहे.

त्या काळात अंधारात दिसावं म्हणून डायलवर रेडियम मिसळलेला रंग लावायचे. आता चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असा सगळ्यांचा समज होतो, तो पूर्ण चुकीचा आहे. त्या रंगात चमकणारा जो पदार्थ असतो, झिंक सल्फाइड, तो काही वर्षांत खराब होतो म्हणून चमक जाते. रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षं आहे, म्हणजे 1940 च्या डायलमधलं रेडियम आज जवळपास तेवढंच आहे.

घाबरवायचं नाहीये. काच धड असेल, डबा बंद असेल आणि तो बैठकीत कपाटात लांब ठेवला असेल तर धोका कमी असतो. खरा धोका काच उघडण्यात आहे. जुना रंग भुकटी होऊन सुटतो, ती भुकटी श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली तर शरीरात हाडांत जाऊन बसते. त्यामुळे काच फुटलेली असेल तर घेऊच नका, उघडून साफ करू नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका, झोपायच्या खोलीत ठेवू नका. आणि व्यापाऱ्यालाही हे सांगा, तो बिचारा रोज त्याच्यावर बसून जेवत असेल. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्टचा स्रोत आला होता, लोकांना माहीतच नव्हतं ते काय आहे, त्यात एक माणूस गेला. डायलमधलं प्रमाण त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ असतं, पण भंगारात काय आलंय हे माहीत नसणं तेच आहे.

---

मेधा_खारघर

मंदार, तुझी पोस्ट वाचून लॉगिन केलं, एरवी मी नुसती वाचते.

माझे बाबा 71 साली विक्रांतवर होते, फ्लाइट डेकवर विमानं हलवणाऱ्यांत. त्यांची पेटी माझ्याकडे आहे. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' (दोन्ही 71 च्या लढाईची पदकं), टोपीची रिबन, एक फोटो ज्यात ते आणि त्यांचे तीन मित्र एका सी हॉक विमानाच्या पंखाखाली बसून चहा पितायत. मेडलच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे, अगदी बारीक. तू पुढे कधी मेडल घेतलंस तर ती कड आधी बघ, तिथे माणसाचं नाव असतं. आणि नाव वाचलंस की त्या माणसाचं घर शोधायचा प्रयत्न कर आधी, कारण कित्येक मेडल्स घरच्यांना न कळता रद्दीबरोबर जातात. माझ्या आत्याच्या घरून आजोबांची तशीच गेली.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. बाबा बोलायचे त्या दिवसांबद्दल, पण आम्ही कधी लिहून घेतलं नाही. बॉयलरला तडा गेला होता त्यामुळे चारातला एक बंद, जहाज पूर्ण वेगाने जाऊ शकत नव्हतं, आणि विमान उडायला समोरून वारा लागतो तो जहाजाच्या वेगातूनच मिळतो, मग सगळे आकाशाकडे बघायचे वारा किती आहे म्हणून, आणि तशातही कॉक्स बाजार, चितगाव, खुलना, सगळीकडे विमानं गेली आणि परत आली. हे मला आठवतं कारण त्यांनी दहा वेळा सांगितलं. पण त्या फोटोतले ते तीन मित्र कोण? दोघांची नावं मला माहीत नाहीत. बाबा 2011 ला गेले. फोटोच्या मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं आणि मी काय केलं, फोटो खराब होऊ नये म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. गरम प्लास्टिकखाली मागची अक्षरं गेली, आणि आता ते प्लास्टिक काढलं तर फोटोचा वरचा थर पण येईल. रोज नाही पण महिन्यातून एकदा तरी मी तो फोटो काढून बघते आणि रडते.

म्हणून हात जोडून सांगते, फोटो, कागद लॅमिनेट करू नका कोणी. आधी दोन्ही बाजू स्कॅन करा. टोपीची रिबन धुवू नका, त्यावरची सोनेरी अक्षरं धाग्याची असतात, पाणी लागलं की काळी पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येते त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा, एकदा ठेवून विसरलं की काही उपयोग नाही. डांबराच्या गोळ्या कापडाला लागतील अशा ठेवू नका.

आणि मंदार, तुझी आजी आहे का? असेल तर टेलिग्राफ राहू दे, तिला पाटाबद्दल विचार. आज विचार.

---

नेरुळचा_खलाशी

जय हिंद. मुलाने हा धागा दाखवला. टायपिंग हळू आहे माझं, चूक झाली तर सांभाळून घ्या.

टेलिग्राफ घेऊ नकोस. बाकीच्यांनी कारणं सांगितली आहेत, मी एक वाढवतो. जहाज निवृत्त होतं तेव्हा त्याच्यावरची प्रत्येक वस्तू मोजून नेव्हल स्टोअरला परत जाते. इतिहासाच्या वस्तू नेव्ही स्वतः ठेवते. विक्रांतची मूळ घंटा नेव्हीनेच जपली आणि 2022 मध्ये ती नवीन विक्रांतला दिली. उरलेलं जहाज लिलावात जातं, विक्रांत साधारण 60 कोटींना गेली. लिलाव घेणाऱ्याने कापून विकलं तर त्याचं बिल असतं. बिल नाही, पावती नाही, मेव्हणा आहे, तर ती वस्तू एकतर खोटी आहे किंवा कुणीतरी ड्युटीवर असताना उचललेली आहे. दोन्ही तुझ्या घरात नकोत.

क्रेस्ट, कॅप टॅली याचं वेगळं. जहाजं पाहुण्यांना क्रेस्ट भेट द्यायची, आम्हीही बदली होताना एकमेकांना द्यायचो. ते घ्यायला हरकत नाही. पण एक टॅली कुणी विकायला आणली तर मला कळव, ती म्हणजे आपल्या खुकरी या युद्धनौकेची. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ खुकरी बुडाली, 18 ऑफिसर आणि 176 सेलर, कॅप्टन मुल्ला साहेब जहाजाबरोबर गेले. माझ्या बॅचचे दोघे होते. ते जहाज समुद्राच्या तळाशी आहे आणि ती त्यांची समाधी आहे. तिथलं काही वर आलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि खरं असलं तरी घेऊ नका. त्यांच्यासाठी दीवला स्मारक आहे, तिथे जाऊन या.

आता पाट. मी तो फोटो मोठा करून चष्मा लावून पंधरा मिनिटं बघितला.

मंदार, पाटाच्या वरच्या अंगाला उजवीकडे दोन गोल डाग दिसतात, रुपयाच्या नाण्याएवढे, आजूबाजूच्या लाकडापेक्षा रेषा आडव्या गेलेल्या. ते डाग नाहीत. ते लाकडी डाट आहेत. जहाजाच्या डेकची फळी खालच्या पोलादावर बोल्टने घट्ट करतात, बोल्टचं डोकं फळीत खोल बसवतात आणि वरून त्याच लाकडाचा गोल डाट ठोकून सपाट करतात, म्हणजे पाणीही जात नाही आणि पायालाही लागत नाही. घरगुती पाटाला असे डाट कोण मारेल? आणि डावी कड बघ, एका बाजूला कडेला काळी रेघ आहे ना? दोन फळ्यांच्या फटीत ताग कोंबून वरून डांबर ओततात, ते तसलं दिसतंय. ही डेकची फळी आहे असं मी म्हणतो. कुठल्या जहाजाची ते लाकूड सांगत नाही.

पण आजोबा 'दिल्ली बोट' म्हणाले असतील तर ऐक. आयएनएस दिल्ली म्हणजे पूर्वीची एचएमएस अकिलीस, क्रूझर, 1932 ला पाण्यात उतरलेली. 13 डिसेंबर 1939 ला दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या तोंडाशी जर्मनांच्या ग्राफ स्पीशी तीन जहाजं लढली, एक्झेटर, एजॅक्स आणि ही अकिलीस. अकिलीसवर न्यूझीलंडचे खलाशी होते, चार जण गेले. चार दिवसांनी ग्राफ स्पी त्यांच्याच कॅप्टनने मोंटेव्हिडिओबाहेर बुडवली. ती अकिलीस आपण 1948 मध्ये घेतली आणि तिची दिल्ली झाली. 1961 ला गोव्याच्या मुक्तीत होती. 30 जून 1978 ला मुंबईत निवृत्त झाली. तिचा एक तोफांचा मनोरा आपण न्यूझीलंडला परत भेट दिला, तो आजही ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर उभा आहे.

मी 1974 ते 76 दिल्लीवर होतो. सकाळी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून, अनवाणी, वाळू आणि दगड घेऊन ते सागवानी डेक घासायचो आम्ही. हिवाळ्यात कोचीनच्या बाहेर पाणी गार असायचं आणि लाकूड मात्र पायाला गार लागायचं नाही.

मी येऊन बघू शकतो का? नेरुळहून ठाणे लोकल थेट आहे.

---

ऐरोली_संग्राहक

काका, तुमच्यापुढे मी बोलणं म्हणजे काय, पण बिल नाही तर घेऊ नये हे मला पूर्ण पटत नाही. दारूखान्यात ज्या गोष्टी कापल्या गेल्या त्यातल्या नव्याण्णव टक्के भट्टीत गेल्या. विक्रांतचं थोडं लोखंड मोटरसायकलच्या टाकीत गेलं, थोडं लायन गेटसमोरच्या स्मारकात, बाकी कुठे गेलं कुणाला माहीत. जे काही वाचलं ते आमच्यासारख्या लोकांनी रोख पैसे देऊन, बिलाशिवाय, कामगारांकडून घेतलं म्हणून वाचलं. मंदारच्या आजोबांकडे तरी त्या फळीचं बिल असेल का?

---

नेरुळचा_खलाशी

बरोबर आहे तुझं. फळीचं बिल नसणार. पण त्यात फरक आहे तो असा, की आजोबांनी ती विकली नाही. त्यांनी तिच्यावर देव बसवला. ज्याला विकायचं नाही त्याला खोटं सांगायचं कारण नसतं. मी वस्तूपेक्षा सांगणाऱ्याकडे बघतो.

तरीही विकत घेताना बिल माग, मंदार. बिल नसेल तर निदान कुणाकडून, कधी, कुठे घेतलं हे त्याच दिवशी वहीत लिही आणि तारीख टाक.

---

ऐरोली_संग्राहक

मान्य आहे काका. वही मीही ठेवतो, सुरुवातीची पाच वर्षं नाही ठेवली त्याचं वाईट वाटतं, तेव्हा घेतलेल्या वस्तू आज नुसत्या पितळाच्या आहेत माझ्याकडे. आणि मंदार, कायद्याचं एक, आपल्याकडे पुरावस्तूचा कायदा 1972चा आहे, साधारणपणे शंभर वर्षं झालेल्या वस्तूंना लागतो, परदेशी पाठवायला बंदी वगैरे. तुझा पाट दिल्लीचाच असेल तर 2032 ला ते जहाज पाण्यात उतरून शंभर वर्षं होतील. आत्तापासून सांगून ठेवतो, न्यूझीलंडमधून कुणी मेल केला आणि कितीही पैसे देऊ केले तरी हलवू नकोस.

---

मंदार_नौपाडा

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, गेले दहा दिवस इथे आलोच नाही कारण खूप काही झालं.

पहिलं टेलिग्राफ. रबाळेवाले दादा खरंच आले, गेज घेऊन. चार भोकं तपासली, चारही मेट्रिक. आत हात घालून बघितलं तर घंटेला जोडलेली साखळी सायकलच्या चेनसारखी नवीन होती. व्यापाऱ्याला आम्ही काही बोललो नाही, त्यालाही कुणीतरी तसंच सांगून विकलेला दिसला, माणूस वाईट वाटला नाही. होकायंत्राची काच तडकलेली होती म्हणून लांबूनच बघितलं आणि वाशीच्या काकांनी सांगितलेलं सगळं त्याला समजावलं, त्याने ते लगेच पोरांच्या हाताबाहेर पत्र्याच्या पेटीत ठेवलं. काडतुसाच्या टोपीवर खड्डा नव्हता. तिथूनच 112 ला फोन केला, पथक येऊन घेऊन गेलं, तोपर्यंत आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडे उभे होतो.

दुसरं, मेधाताई, तुमची पोस्ट वाचली त्याच रात्री मी आजीच्या शेजारी जाऊन बसलो. आजी 86 वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. फोन रेकॉर्डिंगला लावून उशीजवळ ठेवला. ती म्हणाली, तुझे आजोबा महिनाभर त्या बोटीवर जात होते, लाकूड काढायचं काम, संध्याकाळी घरी आले की हातापायाला डांबराचा वास यायचा, रॉकेलने पुसून मग आंघोळ. शेवटच्या दिवशी मुकादमाने प्रत्येकाला एकेक तुकडा दिला, सरपणाला म्हणून. बाकीच्यांनी जाळला. आजोबांनी तो गोणपाटात गुंडाळून रे रोडहून कुर्ल्याला आणि तिथून ठाण्याला व्हेंडरच्या डब्यातून आणला. आजी म्हणाली मी ओरडले होते, एवढं ओझं कशाला, तर ते म्हणाले, "ह्याच्यावर लढाई झालीय, ह्याला चुलीत नाही घालायचं." कुठली लढाई, कुठे, ते आजोबांना माहीत नव्हतं. मुकादम म्हणाला होता की मोठी लढाई जिंकलेली बोट आहे, एवढंच. वर्ष आजीला असं आठवतं की माझ्या आत्याचं बारसं झालं त्या पुढच्या पावसाळ्यानंतर. आत्याचा जन्म डिसेंबर 1977 चा.

मी हिशोब करून बघितला, 1978 येतं, दिल्ली निवृत्त झाली तेच वर्ष, आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

तिसरं, काका रविवारी आले. नेरुळहून एकटे, पांढरा शर्ट, नेव्हीचा टाय लावून. पाट मी टेबलावर नीट कापड घालून ठेवला होता पण त्यांनी तो उचलून खाली जमिनीवर ठेवला, चपला-मोजे काढले आणि म्हणाले, पाय लावू का, देवाचा आहे. आजी म्हणाली लावा की, तुमचाच आहे तो आधी. त्यांनी उजवा पाय ठेवला, डोळे मिटले, बोलले काहीच नाहीत. मग दोघांनी चहा घेतला आणि काकांनी बोटीचं आणि आजीने दारूखान्याचं असं आळीपाळीने सांगितलं, तेही 47 मिनिटं रेकॉर्ड झालंय.

काका जाताना म्हणाले, हे दिल्लीचं आहे असं मी शपथेवर सांगू शकत नाही, डेकची फळी आहे हे सांगू शकतो. तसंच लिहून ठेवतोय मी. वहीचं पहिलं पान पाटाचं केलंय.

आता एकच प्रश्न. पाटावर छोटी पितळी पट्टी बसवावी का, आजोबांचं नाव, जहाजाचं नाव? आणि यंदा गणपतीला वापरावा की काचेत ठेवावा? बाबा म्हणतात काचेत, आजी ऐकत नाही.

---

मेधा_खारघर

मंदार, मी दोनदा वाचलं. ती रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेव, फोनवर एकच ठेवू नकोस, आणि ऐकून ऐकून हाताने उतरवून काढ, वेळ लागेल पण कर.

काकांना विचारायचं होतं, 71 ला विक्रांतवर फ्लाइट डेकला असलेल्या कुणाची ओळख आहे का तुमची? फोटो पाठवते तुम्हाला. कुणी चेहरा ओळखला तर.

---

नेरुळचा_खलाशी

मेधा बेटा, पाठव. आमचा दर महिन्याला जुन्या लोकांचा चहा असतो, आता थोडेच राहिलोत, पण दोघे विक्रांतवाले आहेत, त्यातला एक अलिबागहून येतो. मोठी प्रिंट काढून नेतो म्हणजे त्यांना दिसेल.

मंदार, पट्टी नको. स्क्रूसाठी भोक पाडावं लागेल आणि ह्या लाकडात आधीच जी दोन भोकं आहेत ती पुरेशी आहेत. कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाटाच्या बरोबर ठेव. पॉलिश नको, रंधा नको, काळी रेघ खरवडू नको. दरवर्षी नुसत्या कोरड्या फडक्याने पूस.

काचेत नको. आजी म्हणते तसं कर. सागवान आहे, पन्नास वर्षं समुद्राचं पाणी प्यायलंय, पंचामृताचे चार थेंब पडले तर काही होत नाही, लगेच पुसून घे म्हणजे झालं. गणपतीला मी येईन, दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी कमी असते तेव्हा.

---

मंदार_नौपाडा

नक्की या काका. आजी विचारतेय मोदक उकडीचे चालतात ना, की तळणीचे करू.